तप्त पोलादाचे धातुलेपाने संरक्षण

लोहार भट्टीतील लाल लोखंड ऐरणीवर ठोकू लागला की त्यावरून काळ्या खपल्या गळतात. तप्त लोखंड व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने या खपल्या बनतात. पावसाळ्यातील गंजास पाणी लागते. या खपलीस उष्णता व हवा एवढेच पुरते. सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या वर ती वेगाने वाढते, तडकून सुटते आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. अशा रीतीने भट्ट्यांचे पोलादी भाग झिजत जातात.

यावर धातूचा लेप हा उपाय आहे. परंतु लेपाची निवड उष्णतेनुसार करावी लागते. छपराच्या पत्र्यावरील जस्त पावसापासून उत्तम रक्षण करते. तथापि ते ४१९ अंशांवर वितळते व सतत २०० अंशांहून अधिक तापणाऱ्या वस्तूस उपयोगी पडत नाही. कल्हईचे कथील तर २३२ अंशांवरच वितळते.

ॲल्युमिनियमही ६६० अंशांवर वितळते. मग ते याहून अधिक उष्णतेत कसे टिकते, अशी शंका विद्यार्थी घेतील. पोलादाची वस्तू ॲल्युमिनियमची पूड, ॲल्युमिना व थोडा नवसागर यांच्या मिश्रणात बंद करून काही तास सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवितात. नवसागराच्या साहाय्याने ॲल्युमिनियम पोलादाच्या पृष्ठभागात मुरते. तेथे लोह व ॲल्युमिनियम यांचा जो संयुक्त थर बनतो, तो १,१०० अंशांपर्यंतही वितळत नाही. त्यावर ॲल्युमिनाचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. लोखंडाच्या खपलीप्रमाणे तो सुटत नाही. घट्ट चिकटून प्राणवायूस अडवितो. ओरखडा पडला तरी थरातील ॲल्युमिनियमपासून तो पुन्हा तयार होतो. मोटारीच्या धूरनळ्यांसाठी मात्र वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवून काढलेला पोलादी पत्रा वापरतात.

वर्गात हा पाठ घेताना शिक्षकांनी लोहाराकडील थंड झालेल्या खपल्या आणाव्यात. त्या लोहचुंबकास चिकटतात, पण बोटांनी सहज मोडतात. खपली लोखंडापासूनच बनते, पण ती लोखंडाचे रक्षण करू शकत नाही, हे यावरून मुलांना पटेल.

एक दक्षता अवश्य घ्यावी. पोषण आहाराच्या चुलीत वा चुलीवर जस्ताचा पत्रा किंवा बादली कधीही ठेवू नये. कडक आचेत जस्ताचा पांढरा धूर निघतो व तो श्वासावाटे गेल्यास थंडी वाजून ताप येतो. पावसात रक्षण करणारा लेप अग्नीतही रक्षण करीलच असे नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी.