लिथियम गेल्यावर थरांचे काय होते?

लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची बॅटरी 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज केली, की 'शंभर टक्के' असा आकडा येतो. प्रत्यक्षात धन इलेक्ट्रोडमधले जवळजवळ निम्मे लिथियम तेव्हाही जागचे हललेले नसते. ते बाहेर काढता येते. पण मग स्फटिकाचे हाल होतात.

जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने 1980 मध्ये हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला. 1991 मध्ये सोनीने तो बाजारात उतरवला. त्याची रचना खारीच्या पापुद्र्यांसारखी: कोबाल्ट-ऑक्सिजनचे थर आणि मधल्या फटींत लिथियम. चार्जिंगमध्ये लिथियम बाहेर पडते. मग फट मिटायला हवी ना? होते उलटेच. समोरासमोरच्या ऋणभारित ऑक्सिजनांमधला आडोसा जातो, ते एकमेकांना ढकलतात आणि थर दूर सरकतात.

चालू बॅटरीवर क्ष-किरण सोडले की हे दिसते. परावर्तित किरणांच्या आलेखात थरांमधल्या अंतराची खूण सांगणारे शिखर आधी एका बाजूला सरकत जाते आणि 4.5 व्होल्टच्या आसपास झपाट्याने माघारी फिरते. थर एकमेकांवरून घसरलेले असतात, फुगलेली फट आक्रसलेली असते. हे वारंवार झाले की कणांना तडे जातात, उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटची नको ती अभिक्रिया सुरू होते. म्हणून ग्रॅममागे 274 मिलिअँपिअर-तासांची सैद्धांतिक क्षमता असूनही सुरुवातीच्या बॅटऱ्यांनी सुमारे 140 वरच समाधान मानले. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमची भेसळ आणि पातळ लेप यांच्या जोरावर आजचे फोन थोडे पुढे गेले आहेत, इतकेच.

मोटारींतल्या निकेलबहुल बॅटऱ्यांचेही दुखणे हेच, किंबहुना जास्त. त्यांचा एकेक कण सहसा शेकडो इवल्या स्फटिकांचा गोळा असतो. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला; त्यामुळे आक्रसताना ते एकमेकांपासून फाटतात.

अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सासमधून 1997 मध्ये मांडलेल्या लिथियम लोह फॉस्फेटला कोसळायला थरच नाहीत. लिथियम गेल्यावर त्याचे आकारमान सुमारे 7 टक्क्यांनी घटते, पण फॉस्फेटच्या मजबूत बंधांमुळे सांगाडा टिकतो. व्होल्टेज मात्र कमी, 3.4च्या आसपास, आणि बहुतेक काळ जवळपास स्थिर. त्यामुळे किती चार्ज उरला हे गाडीला नेमके ओळखता येत नाही. टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत याच प्रकारच्या बॅटऱ्या आहेत.

तेव्हा आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे ते आधी पाहा. लोह फॉस्फेटची असेल तर अधूनमधून पूर्ण चार्ज करा, म्हणजे गाडीचा चार्जचा अंदाज पुन्हा जुळतो. निकेलची असेल तर एरवी 80 टक्क्यांवर थांबा आणि शंभर टक्के लांबच्या प्रवासापुरते ठेवा.