लोकांच्या मनातील मल्ल

खेळाडूची कीर्ती बहुधा अल्पायुषी असते. अंगातील बळ ओसरले आणि मैदान सुटले, की टाळ्यांचा कडकडाटही विरून जातो. तथापि काही खेळाडू निवृत्तीनंतरच नव्हे, तर मृत्यूनंतरही लोकांच्या आदरास पात्र राहतात. मुरुम असो वा कराड, महाराष्ट्रात जेथे जेथे कुस्तीचा फड भरतो, तेथे खाशाबा जाधव हे नाव परके वाटत नाही. या लोकप्रियतेचे रहस्य कशात आहे?

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. त्यांच्याकडूनच खाशाबांना कुस्तीचे प्राथमिक धडे मिळाले. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर लढला व सहावा आला. पुढील ऑलिंपिक १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे होते; परंतु तेथवर जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

खाशाबांनी या विश्वासाचे चीज केले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना नमवून त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. ते परतले तेव्हा शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ज्याने चार आणे दिले, त्यालाही त्या पदकात आपला वाटा दिसत होता. खाशाबाही लोकांचे ऋण विसरले नाहीत. कुस्त्यांचे फड भरवून पैसा उभा केला व प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

लोकांनी डोक्यावर घेतले, म्हणून सन्मानही वेळेवर मिळतो असे नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले व तेथेच त्यांनी निवृत्तीपर्यंत सेवा केली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, पदकानंतर जवळजवळ अर्धशतकाने! आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. शासनाच्या दप्तरी त्यांची नोंद उशिरा झाली; लोकांच्या मनात मात्र ती कधीच पुसली गेली नव्हती.

केवळ पराक्रम पाहून लोक थक्क होतात. पण ज्याच्या पराक्रमात आपलाही घास आहे आणि ज्याला त्या घासाची जाण आहे, त्याला ते आपला मानतात. असे आपलेपण कोणत्याही पदकाहून अधिक टिकते.