धोबीतलाव ते गावदेवी : एक श्रुतयात्रा

सम्मेदशिखर, गिरनार, श्रवणबेळगोळ यांच्या यात्रांचे बेत आपल्या घरांतून महिनोन्‌महिने चालतात. ग्रंथांचीही तीर्थे असतात आणि त्यांतील काही मुंबईच्या गल्ल्यांत दडलेली आहेत, हे मात्र मला तीन जुन्या पुस्तकांनी सांगितले.

गेल्या वर्षी गावाकडचे घर विकायचे ठरले. आजोबा शाळामास्तर होते. त्यांच्या भिंतीतल्या कपाटात शे-दीडशे पुस्तके होती. घरातल्या तरुण मंडळींचे मत सरळ होते : एवढे ओझे ठेवणार कुठे? रद्दीवाल्याला निरोप गेलाही होता. कपाट रिकामे करताना तीन पुस्तके वेगळी निघाली. पहिले ‘काव्यमाला’चा सप्तम गुच्छक, दुसरे ‘वरांगचरित’ आणि तिसरा ‘सत्यकथा’ मासिकाचा एक अंक. तिन्हींवर मुंबईचा पत्ता होता : कोलभाट गल्ली, हिराबाग, खटाववाडी. कन्या मुंबईत नोकरीला आहे. ती म्हणाली, “आबा, हे तिन्ही पत्ते एका सकाळच्या चालण्यात येतात. टाकण्याआधी एकदा जाऊन तर पाहू.”

एका रविवारी सकाळी आम्ही धोबीतलावाला उतरलो. पुस्तकांच्या पत्त्यांकडे वळण्यापूर्वी चौकातील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटपाशी थांबलो. १८८७ साली, अवघ्या एकोणीस वर्षांच्या श्रीमद् राजचंद्रांनी येथे शतावधानाचा प्रयोग केला. शंभर निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी अवधानात ठेवून क्रमाने सांगण्याची ती विद्या पाहून मुंबई थक्क झाली. पुढे त्यांनी असे जाहीर प्रयोग सोडून दिले. स्मरणशक्तीचे कौतुक आत्मसाधनेच्या आड येते, असे त्यांना वाटले. आपल्या आगमांचा इतिहासही स्मरणशक्तीपासूनच सुरू होतो. आचार्यांच्या मुखातून शिष्यांच्या कानात उतरलेले श्रुत धारणाशक्ती क्षीण होऊ लागली तेव्हा लिहून ठेवावे लागले. श्रुतपंचमीचा सण त्याचीच आठवण आहे. यात्रेचा आरंभ येथून व्हावा, हे योग्यच वाटले.

तेथून काळबादेवी रस्त्याने कोलभाट गल्लीकडे निघालो. कापडाच्या दुकानांची फळकुटे नुकतीच निघत होती. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना एके काळी येथे होता. जावजींचे शिक्षण बेताचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते अक्षरांचे खिळे पाडण्याचे काम शिकले आणि १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला. निर्णयसागरचा देवनागरी टाइप सुबकपणासाठी देशभर नावाजला गेला. १८८६ पासून निघू लागलेल्या ‘काव्यमाले’ने दुर्मीळ संस्कृत काव्ये प्रकाशात आणली. तिच्या सप्तम गुच्छकात भक्तामर, कल्याणमंदिर, एकीभाव, विषापहार ही आपली स्तोत्रे एकत्र आली. सोमदेवसूरींचे ‘यशस्तिलक’ही याच मालेत छापले गेले. मालेचे संपादक पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब जैन नव्हते, जावजीही नव्हते. चांगले काव्य आहे आणि ते टिकले पाहिजे, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. आजोबा पहाटे जे भक्तामर म्हणत, ते या गल्लीत जुळवलेल्या खिळ्यांतून आमच्या घरी आले होते. आज तेथे छापखाना नाही. कन्येने पिशवीतून गुच्छक काढला आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पहिले पान उघडले.

पुस्तक छापणे हे पुण्यकर्म आहे, हे तेव्हा सर्वांना मान्य नव्हते. मुंबईत मराठी मुद्रणाचा पाया घालणाऱ्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्या मंडळींनी छापील पोथ्या नाकारू नयेत, यासाठी त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. आपल्या समाजात तर हा वाद अधिक काळ धुमसत राहिला. शास्त्र यंत्राखाली घालणे म्हणजे जिनवाणीचा अविनय, असे मानणारे श्रावक थोडे नव्हते. हस्तलिखिते भांडारात कुलूपबंद होती. ती कसर खात होती, तरी ‘छापील शास्त्र’ मंदिरात येऊ देण्यास विरोध होता. विरोध करणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्यांचेच म्हणणे चालले असते, तर आमच्या कपाटात एकही ग्रंथ नसता.

भुलेश्वराच्या बाजूने सी. पी. टँकला आलो. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी उभारलेली हिराबाग धर्मशाळा येथे आहे. त्याच आवारात पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९१२ साली ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय’ सुरू केले. प्रेमीजी मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यातील देवरी गावचे. ते गावातले शिक्षक होते आणि १९०१ साली जैन सभेचे कारकून म्हणून मुंबईत आले. येथे राहून मराठी, गुजराती, बंगाली शिकले. प्रेमचंदांचे ‘गोदान’ १९३६ साली त्यांच्याच संस्थेतून निघाले. जैनेंद्रकुमारांची ‘परख’ आणि हजारीप्रसाद द्विवेदींचे ‘कबीर’ही तेथूनच. हिंदीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांपैकी एक मुंबईच्या जैन धर्मशाळेच्या पत्त्यावरून वाचकांकडे गेली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

माझे मन मात्र दुसऱ्या एका कामापाशी अडले. शेठ माणिकचंद १९१४ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली आणि तिचे मंत्रिपद प्रेमीजींनी विनावेतन सांभाळले. पुष्पदंत कवीचे अपभ्रंश ‘महापुराण’ डॉ. प. ल. वैद्यांनी संपादिले आणि १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत ते या मालेतून बाहेर आले. डॉ. आ. ने. उपाध्ये तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी सिद्ध केलेले ‘वरांगचरित’ १९३८ साली निघाले. या ग्रंथांची किंमत केवळ छपाईच्या खर्चाइतकी असे. नफा नाही. खेड्यातल्या शाळामास्तराच्या पगारात असा ग्रंथ कसा आला, याचा उलगडा मला हिराबागेच्या दारात झाला. तो विकत घेता यावा, अशी व्यवस्था कोणीतरी आधीच करून ठेवली होती. त्या व्यवस्थेच्या शेवटच्या टोकाला रद्दीचा तराजू असावा, याची लाज वाटली.

तेथून गिरगाव. मुंबई मराठी साहित्य संघाला बाहेरूनच वंदन करून खटाववाडीत शिरलो. मौज प्रकाशनाचे हे ठिकाण. ‘सत्यकथे’त छापून येणे ही नवलेखकांच्या दृष्टीने परीक्षाच होती, आणि त्याच मासिकाची होळी बंडखोर तरुण लेखकांनी १९६९ साली केली. १९८२ मध्ये मासिक बंद पडले. स्तोत्रांच्या शेजारी आजोबांनी हा अंक का ठेवला असेल, असे कन्येने विचारले. उत्तर अवघड नव्हते. स्वाध्याय करणारा माणूस आपल्या काळाचे वाचनही सोडत नाही.

यात्रेची सांगता गावदेवीच्या मणिभवनात केली. रेवाशंकर जगजीवन झवेरी यांची ही वास्तू. ते श्रीमद् राजचंद्रांचे व्यवसायातील भागीदार. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम येथे असे. विलायतेहून परतलेल्या गांधीजींची आणि श्रीमदांची पहिली भेट १८९१ साली मुंबईतच झाली. दक्षिण आफ्रिकेतून गांधीजींनी धर्माविषयी सत्तावीस प्रश्न पाठवले, त्यांची उत्तरे १८९४ मध्ये श्रीमदांनी मुंबईहूनच लिहिली. एप्रिल १९१९ मध्ये सरकारने बंदी घातलेली ‘हिंद स्वराज्य’सारखी पुस्तके गांधीजींनी मुंबईच्या रस्त्यांवर स्वतः विकली. चार आण्यांच्या पुस्तकाला कोणी पन्नास रुपयेही दिले, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. मणिभवनातील ग्रंथालयाच्या कपाटांसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो.

घरी परतल्यावर रद्दीवाल्याला नको म्हणून कळवले. पुस्तकांची यादी करण्यास कन्येने दोन रविवार दिले. बहुतेक ग्रंथ जिल्ह्याच्या ठिकाणी एका ग्रंथालयाने आनंदाने स्वीकारले. ती तीन पुस्तके मात्र आमच्याकडेच राहिली आहेत.

वाचकहो, ही वाट रमतगमत तीन तासांची आहे. काळबादेवी-भुलेश्वरची गर्दी टाळण्यासाठी रविवारची सकाळ बरी, मणिभवन उघडण्याची वेळ मात्र आधी पाहून घ्यावी. बरोबर मुलांना न्यावे आणि घरातले एखादे जुने पुस्तकही. येत्या श्रुतपंचमीला ग्रंथपूजन होईलच. त्याआधी एकदा आपले कपाट उघडून, पुस्तकाच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला पत्ता वाचावा.