बंबाची निवड आणि निगा

सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर पसरलेल्या नाशिकच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषात जी थंडी पडते, तिची जात मुंबईच्या गाडीतून पहाटे नाशिकरोडच्या फलाटावर उतरणाऱ्या पाहुण्यास पहिल्या श्वासातच कळते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अंतराळात सोडून देते, आणि उत्तरेकडील वारे उरलीसुरली ऊब घेऊन जातात. ७ जानेवारी १९४५ रोजी नाशिक येथे पारा ०.६ अंशापर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि शेजारच्या निफाड तालुक्यात द्राक्षवेलींवरील दव गोठल्याच्या वार्ता अद्यापि येतात. परंतु ही थंडी काही प्रहरांपुरतीच असते. दुपारी ऊन असे पडते की अंगातली बंडी काढून ठेवावी लागते. म्हणूनच महाबळेश्वरच्या इंग्रजी अमदानीतील बंगल्यांत भिंतीत बसवलेली शेकोटी दिसली, तरी ती नाशिककडच्या वाड्यांत रुजली नाही. सगळे घर रात्रभर उबदार ठेवण्याची येथे गरज नव्हती, गरज होती ती पहाटेच्या स्नानास कढत पाणी मिळण्याची, आणि त्या एका गरजेसाठी मराठी गृहस्थाने जो अग्नी घरात बाळगला, तो तांब्याच्या बंबातला.

भिंतीतल्या शेकोटीचा मोठा दोष असा की लाकडाची बहुतांश उष्णता धुराड्यावाटे आकाशात जाते. काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस धुराड्याचा गळा अरुंद करून हे नुकसान कमी केले, तरी ते संपले नाही. बंबाच्या रचनेत मात्र धुराडेच पाण्यात बुडवलेले आहे. मध्यभागी उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेसाठी आणि वाऱ्यासाठी मोकळी जागा, आणि नळीभोवती पाण्याचे वर्तुळाकार पात्र. ज्वाळा व तप्त धूर वर जाता जाता आपली उष्णता चारी बाजूंनी पाण्यास देत जातात. रशियातील तुला शहराच्या समोवारात आणि काश्मिरी चहाच्या समोवारात हेच तत्त्व आहे. काही बंबांना नरसाळे असते आणि त्यातून ओतलेले थंड पाणी नळीवाटे थेट तळाशी जाते, त्यामुळे हलके झालेले गरम पाणी वरून तेवढ्याच मापाने बाहेर पडते. ज्या कारागिराने प्रथम ही युक्ती साधली त्याचे नाव कोणत्याही दस्तऐवजात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निवडीचा पहिला प्रश्न धातूचा. तांब्याची उष्णतावाहकता पितळेच्या तिपटीहून अधिक आणि स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ पंचवीसपट असते. पत्रा पातळ असल्यामुळे हा सगळा फरक इंधनाच्या हिशेबात उतरत नाही हे खरे, पण तांबे सर्वत्र सारखे तापते, गंजून छिद्रे पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते दुरुस्त होते. नाशिकचा भांडी बाजार आणि तांबटांची वस्ती या बाबतीत जुनी नामांकित स्थळे आहेत. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडातही येथील तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या धंद्याची दखल घेतलेली आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीप्रमाणेच येथेही भांड्याची खरी परीक्षा मठारकामात होते. हातोडीच्या एकेका ठोक्याने पत्रा कठीण होत जातो, अति कठीण झाला की तडकू नये म्हणून पुन्हा भट्टीत तापवून मऊ करावा लागतो, आणि ठोक्यांच्या त्या चकचकीत खुणा शोभेच्या वाटल्या तरी पत्र्याचे बळ त्यांतच साठलेले असते. भांडे वजनावर विकले जाते. तेव्हा आकाराने मोठा पण हाताला हलका लागणारा बंब स्वस्त पडला तरी घेऊ नये. पाणी भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी नळी व तळ यांच्या सांध्याखाली ओल आली आहे का ते पाहावे. तोटी अगदी तळाशी नसावी, चार बोटे वर असावी, म्हणजे ती वाहायची थांबल्यावरही विस्तवाच्या भोवती थोडे पाणी उरते.

ही शेवटची खबरदारी प्राणरक्षक आहे, निदान बंबाच्या. कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. जोवर पाणी आहे तोवर धातू शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही, आणि पाणी संपले की काही क्षणांत सांधा उकलतो. आधी पाणी, मग विस्तव, हा जुन्या घरांतला शिरस्ता या भौतिकशास्त्रावरच उभा आहे.

आता इंधन, ज्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे निम्मे पाणी असू शकते, आणि ते वाफ होऊन जाईपर्यंत विस्तवाची शक्ती त्यातच खर्ची पडते. मागे राहतो तो डोळे चुरचुरवणारा धूर. नीट वाळलेल्या लाकडात हे प्रमाण शेकडा वीसच्या खाली येते. बाभळीचे लाकूड उत्तम, दाट आणि निखारा धरून ठेवणारे. वखारीतून ते फाल्गुनात घ्यावे, ढलप्या फोडून जमिनीपासून उंच रचावे, नाशिकचा वैशाख त्यावर जाऊ द्यावा आणि पावसाळ्यात छपराखाली ठेवावे. द्राक्षबागांच्या एप्रिल छाटणीच्या काड्याही चांगल्या पेटतात, पण त्यांवर मोरचुदाची व इतर औषधांची फवारणी झालेली असते, म्हणून त्यांची राख भाजीच्या वाफ्यात टाकू नये. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि कारखान्यांतून येणारी रसायन मारलेली खोकी बंबात घालणे सर्वथा वर्ज्य. स्वतःच्या अंगणातले झाड तोडायचे म्हटले तरी १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पुण्याच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली आणि २००२ साली तिला त्यासाठी अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. पळशाच्या साखर कारखान्याभोवती ऊस पिकवणाऱ्या आमच्या पंचक्रोशीने या दिशेने विचार करावा असे मला आग्रहाने वाटते.

विजेच्या गिझरवाल्यांचा एक आक्षेप असतो की बंब म्हणजे धूर आणि वृक्षतोड. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत नेण्यास सुमारे ०.७ युनिट उष्णता लागते. निम्मी वाया गेली असे धरले, तरी वाळलेले लाकूड तिसरा हिस्सा किलो पुरते. तेवढीच वीज कोळशाची असेल तर, औष्णिक केंद्रात उष्णतेच्या जेमतेम एक-तृतीयांश भागाचीच वीज होत असल्यामुळे, सुमारे अर्धा किलो कोळसा जळतो. नाशिकरोडच्या गच्चीवरून एकलहऱ्याची धुरांडी दिसतात, आणि तेथील २१० मेगावॉटच्या संचांत जळते ते हेच. तथापि धुराचा आक्षेप मी हलका मानत नाही. घरगुती इंधनाच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रिया व मुले यांचा वाटा मोठा आहे. सबब बंद न्हाणीघरात किंवा सदनिकेच्या सज्जात बंब पेटवू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या विस्तवातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो, आणि दारे लावून उशाशी कोळशाची शेगडी ठेवणारी माणसे झोपेतून उठत नाहीत. अंगण किंवा मागील मोकळी पडवी असेल त्यानेच बंब बाळगावा. इतरांनी गच्चीवरील सौर बंबाचा अवलंब करावा, जो आमच्या निरभ्र हिवाळ्यात उत्तम काम देतो.

निगा फार नाही, पण नित्य हवी. जाळीखालची राख रोज काढावी, कारण ती साचली की वारा कोंडतो आणि धूर वाढतो. नळीच्या आतील काजळी उष्णतेला अडवते. दर आठवड्यास काठीला काथ्या गुंडाळून ती खरवडावी. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांच्या बंबात आतून क्षारांची पांढरी खपली धरते, तिला चिंचेचे कोमट पाणी रात्रभर भरून ठेवणे हा सौम्य उपाय; बाहेरच्या काळवंडलेल्या तांब्यालाही चिंच आणि मीठ पुरते, आम्लाने तांब्याचा प्राणिद विरघळतो आणि मूळ लाली उघडी पडते. स्नानाच्या पाण्यास कल्हई आवश्यक नाही; त्याच पाण्यात स्वयंपाक करावयाचा असेल तर मात्र कथील व नवसागराची कल्हई करून घ्यावी. होळीनंतर बंब रिकामा करून, उन्हात पालथा घालून, पूर्ण कोरडा झाल्यावरच माळ्यावर चढवावा.

वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कित्येक घरांतले बंब वजनाच्या भावाने मोडीत गेले, आणि अजून जात आहेत. ज्यांच्या माळ्यावर एखादा उरला असेल, त्यांनी तो मोडीत घालण्यापूर्वी एकदा तांबटाकडे न्यावा. गळका सांधा, झिजलेली तोटी आणि जळालेली जाळी, या तिन्ही गोष्टी बदलता येतात. पत्रा शाबूत असेल तर बाकीचा बंब पुन्हा उभा राहतो, आणि ते काम करणारे हात नाशिकमध्ये आज आहेत.