घरची शाळा आणि गावची शाळा

मुलास शाळेत न घालता घरीच शिकविणारे पालक आपल्याकडे थोडे आहेत. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न थोडा नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. ते न पाळणाऱ्या पालकास मात्र या कायद्यात शिक्षा नाही, आणि घरी शिकविण्याचा तर त्यात उल्लेखही नाही.

सक्तीचा मूळ रोख निराळाच होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. तो पोरांना गुरांमागे पाठविणाऱ्यांसाठी होता. पुस्तके घेऊन मुलापुढे बसणाऱ्या आईबापांसाठी नव्हे.

म्हणून घरच्या शिक्षणाचे सरसकट गोडवे गावेत, असेही नाही. पंडिता रमाबाईंचेच पाहा. त्यांचे वडील अनंतशास्त्री यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने ते लेकीस दिले. घरच्या विद्येचे याहून उजळ उदाहरण सापडणे कठीण. पण याच रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना मागणी केली ती मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करण्याची, तपासणीस स्त्रिया नेमण्याची. अनंतशास्त्री घरोघर नसतात!

आजही नसतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे कायदा सांगतो. गळक्या छपराबद्दल, रिकाम्या शिक्षकपदाबद्दल तेथे बोलू शकणारा सुशिक्षित पालकच मुलाला घेऊन घरी बसला, तर शाळेचे नुकसान एका पटसंख्येपुरते राहत नाही.

तथापि शाळेनेही या मुलाला परके का मानावे? दहावीला तो १७ नंबरचा अर्ज भरतो, तेव्हा त्याची कागदपत्रे शाळाच स्वीकारते. मग त्याआधीची वर्षे तिचे मैदान, ग्रंथालय, प्रयोगशाळा त्याला खुली असावीत. वर्षातून एकदा शिक्षकांनी त्याची प्रगती पाहावी आणि पालकाने समितीच्या सभेस यावे. मुख्याध्यापक विचारतील, याचे नाव कोणत्या हजेरीपटावर लिहू? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शिक्षण खात्याने एका परिपत्रकाने द्यावयाचे आहे.