देवल क्लब आणि चिंचेचं झाड

कोल्हापूर ते मिरज हे अंतर पन्नास किलोमीटरही नाही. १८८८ साली या लोहमार्गाचं भूमिपूजन शाहू महाराजांच्या हस्ते झालं, तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार त्यांच्या हाती यायचा होता. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. पॅसेंजरने कोल्हापूरहून निघालेला माणूस सकाळचा दुसरा चहा मिरजेत घेऊ शकतो. एवढ्या जवळच्या दोन गावांत गाणं ऐकण्याच्या दोन निरनिराळ्या रीती रुजल्या, आणि त्या दोन्ही रीतींनी मिळून आपल्या संगीताचा केवढा तरी भाग घडवला.

कोल्हापुरात ती जागा म्हणजे गायन समाज देवल क्लब. स्थापना १८८३ ची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते १९०१ साली. त्याच्या अठरा वर्षं आधी कोल्हापुरातल्या गाण्याच्या वेडाने झपाटलेल्या मंडळींनी हा अड्डा जमवला होता. त्या काळी चांगलं गाणं ऐकायचं तर दरबारात नाहीतर एखाद्या सरदाराच्या वाड्यात शिरकाव हवा. क्लबमध्ये तशी अट नव्हती. इथे गावातली साधी माणसं एकत्र येत, आल्या-गेल्या गवयाला बसवून घेत, साथीला तबला-पेटी धरत, आणि ऐकता ऐकता स्वतःही शिकत. गोविंदराव टेंबे या क्लबचंच लेकरू. पेटीवरचा त्यांचा हात, 'मानापमान'च्या चाली, गाण्यावरचं त्यांचं लिखाण, या सगळ्याची सुरुवात देवल क्लबात झाली असं ते स्वतः मानत. रीतसर तालीम त्यांना फारशी मिळाली नव्हती. जे कमावलं त्यातलं पुष्कळसं कानांनी कमावलं. हीच या क्लबची खरी कमाई वाटते मला. त्याने जाणकार श्रोते तयार केले.

तसे श्रोते होते म्हणूनच अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं इथे मुरलं. खाँसाहेब मूळचे राजपुतान्यातल्या उनियाऱ्याचे. आमलेट्याच्या मुक्कामात गाण्याच्या अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्या आवाजाला झेपेल अशी पेचदार, लयीच्या अंगाने वळणं घेत जाणारी गायकी त्यांनी नव्याने बांधली. अनवट आणि जोड राग, मात्रेमात्रेला हिशेब, दमसासाची परीक्षा पाहणाऱ्या ताना असं हे गाणं. ते ऐकणाऱ्याकडूनही मेहनत मागतं. समोर बसलेल्याला राग कुठे वळला हे कळलं नाही, तर गवयाचा निम्मा आनंद तिथेच विरतो. शाहू महाराजांच्या आश्रयाने खाँसाहेब कोल्हापुरात राहिले, अंबाबाईच्या देवळात त्यांनी सेवा केली. महाराज १९२२ मध्ये गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले, पण गाणं गावात उरलं. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले, धोंडूताई कुलकर्णी शिकल्या.

क्लबच्या परिसरात उभं राहिलं की कोल्हापूरच्या सगळ्या आवडी एका नजरेत येतात. एका हाताला खासबागेचं कुस्त्यांचं मैदान, लगतच १९१५ मध्ये उघडलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती, नाटक आणि गाणं एका हाकेच्या अंतरात. कोल्हापूरच्या माणसाला या तिन्हींत चिकित्सा करायची सवय आहे. पैलवानाचा डाव आणि गवयाची सम तो सारख्याच डोळसपणे पाहतो.

मिरजेत गाण्याची जागा शोधायला गेलात तर क्लब भेटणार नाही. तिथे लोक तुम्हाला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे धाडतील. अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगने आजारी पडले, या दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, ही कथा मिरजेत घरोघरी सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी खाँसाहेब मिरजेचे झाले हे खरं, आणि उरुसात गायचा नेम त्यांनी सोडला नाही हेही खरं. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीच्या वाटेवर असताना सिंगपेरुमलकोईल स्टेशनावर त्यांचं देहावसान झालं. दफन झालं ते मात्र मिरजेत, याच दर्ग्याच्या आवारात.

तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. चिंचेच्या झाडाखाली गायक बसतो. तिकीट नाही, ओळखीपाळखीची पहिली रांग नाही. या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. गलेफ चढवून आलेला माणूस, पेढे-खेळण्यांच्या दुकानातून मुलाला घेऊन आलेली बाई, आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला कसलेला तबलजी असे सगळे एकाच जाजमावर. हिराबाई बडोदेकर या सभेत गायल्या, गंगूबाई हनगल गायल्या, भीमसेन जोशी गायले. गवई याला कार्यक्रम म्हणत नाहीत, 'हजेरी लावली' म्हणतात. श्रोत्यांना पसंत पडेल की नाही हा विचार इथे मागे पडतो. गाणं पोचवायचं असतं ते कबरीत निजलेल्या पिराला आणि त्याच आवारात निजलेल्या उस्तादांना.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा गायकीला अशी जागा मिळावी यात मला मोठी संगती दिसते. एकेक सूर लावून त्यात बुडायचं, घाई करायची नाही, असं ते गाणं. उघड्यावर, झाडाखाली, अर्ध्या रात्री ज्याला रागाचं नावही ठाऊक नाही अशा माणसालाही ते धरून ठेवतं.

पण त्या सुराला तंबोरा हवा, आणि तो मिरजेच्याच गल्लीत तयार होतो. दर्ग्यापासून थोडं चालत गेलं की सतारमेकर गल्ली. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढायांचे दिवस सरले तसं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यांच्या कामाला हात घातला आणि घराण्याची घराणी त्यात आली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. महिनोन्‌महिने वाळवलेला भोपळा भिजवून कापतात, तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडतात, वर तबली बसवतात. एका दुकानात मी जवारी काढताना पाहत बसलो होतो. कारागीर घोडीवर बारीक कानस फिरवायचा, एक-दोनदाच, मग तार छेडायचा. पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला, केसभर मागे, केसभर पुढे. बराच वेळ तार नुसती वाजत होती. एका क्षणी ती उमलली, आणि खर्जाच्या पोटातून गंधार आपसूक ऐकू येऊ लागला. कारागिराने मान वर केली नाही. तो पुढच्या तारेकडे वळला होता. अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः या गल्लीत बसून कारागिरांकडून तंबोरे मनासारखे करून घेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फार उशिरा मिळालं, पण मिळालं.

दोन्ही गावांत उजवं कोणतं, असं कुणी विचारलं तर मी टाळणार नाही. गाणं समजून घ्यायचं असेल तर कोल्हापूर. तिथला श्रोता प्रश्न विचारतो, आणि गवयाला सैल पडू देत नाही. पण गाणं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायचं असेल, शेजारच्या पोराला किंवा गाण्याचा गंध नसलेल्या मित्राला सोबत न्यायचं असेल, तर मिरज. क्लबचं दार उघडंच असतं, तरी आत पाऊल टाकताना नवख्याला संकोच वाटतो. झाडाखाली तो वाटत नाही.

दोन्हीकडे काळजी करावी असंही आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचं नाट्यगृह आगीत जळालं. त्या रात्री कोल्हापुरातली मोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मिरजेत तशी आग दिसत नाही, पण मोबाइलमधल्या तंबोऱ्याने गल्लीतली मागणी खाल्ली आहे, आणि कारागिरांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागत आहेत. क्लासला जाणाऱ्या मुलीला यंत्र घेऊन देणं सोयीचं पडतं, हे मला कळतं. तरीही तिला एकदा खऱ्या तंबोऱ्याला पाठ लावून बसू द्या.

उरूस हिजरी पंचांगाने येतो, त्यामुळे त्याची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मिरजेत कुणालाही विचारलंत तर सांगतील. जाल तेव्हा दिवसाउजेडी पोचा, आधी सतारमेकर गल्लीत जा, आणि रात्री चिंचेखाली बसायला एक चादर सोबत ठेवा.