एका हाताचे घर, ऐंशी पावलांची वाट

दिवाळी सरते, धान निघून बांध्या मोकळ्या होतात आणि साकोली-लाखांदूरकडच्या गावांत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत नाटक आजही तिकीट काढून, घोंगडी अंगावर घेऊन रात्रभर पाहिले जाते.

अशाच एका मंडईत संध्याकाळी पडदे बांधले जात असताना मी मंचावर चढलो. पाठीमागे रस्त्याचा पडदा लागला होता. दोन्ही बाजूंना कौलारू घरे, मधून आत जाणारी वाट आणि टोकाला निळसर डोंगर. मी हातानेच मोजले. अगदी पुढचे घर पाच हात उंच, ओळीतले शेवटचे घर जेमतेम एक हात. बोटांना खरखरीत कापड लागत होते, रंगाचे पोपडे जाणवत होते. मग खाली उतरलो, वीस पावले मागे गेलो आणि वळून पाहिले. कापड नाहीसे झाले होते. तिथे एक लांबच लांब वाट होती.

ही लांबी मोजता येते. वस्तू दुप्पट दूर गेली की डोळ्याला निम्मी दिसते, तिप्पट दूर गेली की एक तृतीयांश. शेवटचे घर पुढच्या घराच्या एक पंचमांश रंगवले आहे, म्हणून ते डोळ्याला पाचपट दूर वाटते. पुढचे घर माझ्यापासून वीस पावलांवर, तर शेवटचे शंभरावर. म्हणजे चित्रकाराने सपाट कापडात ऐंशी पावलांची वाट घातली होती.

मंचावर असताना हा भास का झाला नाही? आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. जवळची वस्तू दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. कापड हाताशी असले की ते सपाट आहे हे डोळे लगेच सांगतात. अंतर वाढते तसा हा फरक झपाट्याने कमी होतो आणि मेंदू चित्रातल्या खुणांवर विसंबू लागतो. डोंगराची निळाई ही त्यातलीच एक खूण. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, त्यामुळे दूरच्या गोष्टींवर निळसर पडदा चढतो. पडदे रंगवणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी इथल्या टेकड्या तशाच दिसतात.

या विद्येची वंशावळ सतराव्या शतकातल्या युरोपात जाते. तिथल्या बरोक रंगभूमीला थक्क करण्याचे वेड होते. इटलीतल्या निकोला साबातिनीने १६३८ मध्ये रंगमंचावरच्या यंत्रांवर ग्रंथच लिहिला. सर्पिल आकाराची लांब लाकडे ओळीने फिरवून समुद्राच्या लाटा कशा करायच्या, ढगांतून देव कसे उतरवायचे, हे सगळे त्यात आहे. व्हेनिसमध्ये जाकोमो तोरेल्लीने मंचाच्या फळ्यांत खाचा ठेवल्या आणि दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या विंगा खाली तळघरातल्या गाड्यांवर उभ्या केल्या. साऱ्या गाड्यांचे दोर एकाच मोठ्या रहाटाला बांधलेले. प्रतिभाराच्या जोरावर रहाट फिरला की राजवाडा एका दमात आत सरके आणि त्याच क्षणी जंगल पुढे येई.

व्हिएन्नाच्या दरबारात १६६८ मध्ये ‘इल पोमो दोरो’ हा संगीतप्रयोग झाला. त्याचे नेपथ्य लुदोविको बुर्नाचिनीचे. त्यातल्या एका दृश्यात साऱ्या मंचभर राक्षसाचा जबडा आ वासून उभा होता आणि जबड्याच्या आत पाताळलोक दिसत होता. माथेउस क्यूझेलने ही दृश्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली, म्हणून ती आज आपल्याला पाहता येतात.

रंगवलेल्या पडद्यांची ही रीत एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी उचलली आणि मराठी संगीत नाटकांनी तिला आपलेसे केले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांचे पडदे तर रसिकांच्या आठवणीत राहिले. शहरांतल्या नाट्यगृहांत पुढे भिंती-दारांचे सेट आले. झाडीपट्टीत मात्र जंगल, महाल, रस्ता अजून पडद्यावरच उलगडतात.

पडदा वर घेण्यातही विज्ञान आहे. मी दोरी हातात घेतली तेव्हा पडदेवाले म्हणाले, “हिसडा मारू नका जी भाऊ, हळूहळू ओढा.” पडद्याच्या तळाशी आडवा बांबू असतो, त्याच्या टोकांना दोरी गुंडाळलेली असते. दोरी ओढली की बांबू फिरत फिरत वर चढतो आणि कापड त्याच्याभोवती लपेटले जाते. पडदा बारा फूट उंच असेल, तर दोरी चोवीस फुटांच्या आसपास ओढावी लागते, कारण बांबू वर चढताना दोरी उलगडतही असते. त्या बदल्यात हाताला भार जवळजवळ निम्माच लागतो. उरलेला भार वरच्या आडव्या दांडीला टांगलेले कापड पेलते. शाळेच्या पुस्तकातली चल कप्पी हीच. शिवाय रंगाला घडी पडत नाही, ही बांबूवर गुंडाळण्याची आणखी एक सोय.

एक प्रश्न मला शेवटपर्यंत सतावत होता. अशा चित्रातली खोली एकाच जागेवरून अचूक दिसते. दरबारी नाट्यगृहात ती जागा राजाच्या आसनाची असे आणि चित्राच्या साऱ्या रेषा त्याच्या डोळ्यांशी जुळवलेल्या असत. पुढे फेर्दिनांदो बिबियेनाने इमारती तिरक्या रंगवून रेषांना दोन दिशांनी वाट दिली आणि मधल्या आसनाचा दाब कमी केला. पण मंडईत राजा कुठे बसतो? इथे सारे गाव जमिनीवर असते. पोरे मंचाला टेकून, बाया एका बाजूला आणि उशिरा आलेले पाहुणे पार कडेला. मी तिन्ही ठिकाणी बसून पाहिले. कडेवरून रेषा तिरप्या होतात, तरी रस्ता रस्ताच राहतो. समोर सपाट चित्र आहे हे एकदा उमगले की मेंदू आपल्या बसण्याच्या जागेचा हिशेब बऱ्याच अंशी आपोआप दुरुस्त करतो. म्हणून ही कला साऱ्या गावाला एकदम दाखवता येते.

‘इल पोमो दोरो’चा प्रयोग झाला ते बुर्नाचिनीचे लाकडी नाट्यगृह १६८३ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात पाडले गेले. ते कसे होते हे जगाला कळते, ते कुणीतरी चित्रे कोरून ठेवली म्हणून. आपल्याकडचे पडदे दर मोसमात ट्रकवर चढतात, दवात भिजतात, विरतात. फाटला की तो पडदा ताडपत्रीच्या कामी लागतो आणि त्यातली ऐंशी पावलांची वाट कायमची पुसली जाते. भंडाऱ्याच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी या मंडईत मोजपट्टी आणि मोबाइल घेऊन मंचावर चढावे. प्रत्येक पडद्याचे छायाचित्र घ्यावे, घरांची उंची मोजावी, रेषा कुठे मिळतात ते शोधावे आणि तो कुणी रंगवला ते विचारून लिहून ठेवावे. क्यूझेलला त्यासाठी तांब्याचा पत्रा कोरावा लागला होता. आपल्याला एक संध्याकाळ पुरे.